आठ हजारचा दगड

१७ ऑक्टोबर १९८३, सोमवार
सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे

कात्सुमीदादास मित्सुओचा नमस्कार.

आज सुट्टीचा दिवस. दुकानाच्या मागच्या नळापाशी बसून मी मामांच्या धार लावायच्या दगडाचे दोन तुकडे फडक्याने पुसत होतो. ते पुसून झाले, म्हणून हे पत्र लिहायला घेतले.

दगड फुटला. माझ्या हातातून पडला नाही, हे आधी सांगतो. परवा शनिवारी दुकान उघडण्यापूर्वी मी दुसऱ्या वस्तऱ्याला शेवटचा हात देत होतो. फेरा चालू असतानाच मधोमध चीर गेली आणि एकाचे दोन झाले. आपण लहान होतो तेव्हा तो दगड शब्दकोशाएवढा जाड होता, तुला आठवत असेल. पस्तीस वर्षे झिजून तो करंगळीएवढा उरला होता. मामींना दाखवला. त्या म्हणाल्या, "त्यांच्या मागोमाग गेला म्हणायचं," आणि पुन्हा टॉवेल पिळू लागल्या.

मामांना जाऊन आठ महिने झाले. तुला तेव्हा यायला एक दिवस उशीर झाला. त्याबद्दल इथे कोणी काही बोलत नाही. बर्फाने गाड्या बंद होत्या हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तसाच डोंगरातला दगड घ्यावा म्हणून कानाझावाच्या व्यापाऱ्याला फोन केला. क्योतोकडच्या खाणी एकामागून एक बंद होत आहेत, म्हणून लहानातला लहान तुकडाही नव्वद हजार येन म्हणाला. मी फोन ठेवताना त्याचे आभारही मानले नाहीत, याचे मला वाईट वाटते.

तेव्हा कारखान्यात बनवलेलाच घ्यावा लागणार. आपले खालचे दोन भरड दगड, हजार नंबरचा आणि पाच हजार नंबरचा, तसेही कारखान्याचेच आहेत. पण शेवटचा हात डोंगराच्याच दगडावर, असा मामांचा नियम होता. शेवटच्या हाताच्या कारखानी दगडाला ते 'वीट' म्हणत. मला त्यातले काही कळत नाही. तू मामांना लिहिले होतेस की ओसाकाच्या तुमच्या दुकानात बारा वस्तरे तुझ्या ताब्यात असतात. तिथे सगळे नवे असणार. तू कोणता दगड वापरतोस? तो भिजवावा लागतो का? त्याची धार गळ्याच्या सैल कातडीला कशी लागते? हामागुची आजोबा, म्हणजे मासळीच्या लिलावात ओरडायचे ते, अजून दर दहा दिवसांनी येतात. त्यांचा गळा तुला माहीत आहे.

सध्या मी मोठ्या तुकड्यावर भागवतो. पण तुटलेल्या कडेवर वस्तऱ्याचे टोक अडकते.

तुझा
मित्सुओ


२६ ऑक्टोबर
ओसाका

मित्सु,

पाकीट एवढं जाड की मला वाटलं आईला काहीतरी झालं. जिन्यातच उभा राहून फोडलं. दगड फुटला एवढंच ना? लेका, पहिल्या ओळीत लिहीत जा.

आता ऐक. शेवटच्या हाताचे बाजारात तीन प्रकार आहेत. एक तपकिरी, मऊ. तो पाण्यात बुडवून ठेवायचा, वर चिखल येतो, हाताला लोण्यासारखा लागतो. तेन्मातला एकजण त्याच्यावर जीव टाकतो. पण त्सुरुहाशीचा म्हणतो, महिन्याभरात तो मधे खोलगट होतो, पोट पडतं, आणि चिखलात धार गोल होते. दुसरा सहा हजारचा, त्याच्यासोबत चिखल काढायला छोटा खडा देतात. तो स्वस्त आहे, पण वस्तऱ्याला पुरत नाही, सुरीला ठीक. तिसरा पांढरा, आठ हजारचा. कडक. भिजवायचा नाही, वर थोडं पाणी शिंपडलं की काम सुरू. पोट पडत नाही. हाताला मात्र काचेसारखा लागतो, आत काय चाललंय ते सांगत नाही. तैशोकडे एक म्हातारा आहे, तो गेली दहा वर्षं हाच वापरतो.

मी काय वापरतो विचारशील तर पांढराच. ७,२०० येन. हवा असेल तर घेऊन पाठवतो.

हामागुचीचा गळा विसरेन का? पहिल्यांदा मी त्याची दाढी केली तेव्हा तो म्हणाला होता, "पोरा, कोंबडी सोलतोयस का?" बाबांनी ते पुढं वर्षभर जेवताना काढलं.

आईला सांग, मी बरा आहे.

कात्सुमी


३ नोव्हेंबर १९८३, गुरुवार
दुपारी दोन वाजून दहा मिनिटे

कात्सुमीदादास नमस्कार.

तुझे पत्र चार वेळा वाचले. तुमच्या दुकानात इतके मास्तर आहेत आणि प्रत्येकाचा दगड वेगळा, हे वाचून मला फार बरे वाटले. धार लावताना एकमेकांना विचारता येत असेल. इथे धार लावताना मामा कधी बोलत नसत, तरी त्यांचे न बोलणे मला पुरत असे. आता मी चुकलो तरी घशातून 'हं' असा आवाज येत नाही.

मी विचार करून पांढरा ठरवला. कारणे अशी. मऊ दगडाला पोट पडले तर ते मला वेळेवर कळेल की नाही, याची मला खात्री नाही. आणि आपल्या नळाचे पाणी डिसेंबरपासून इतके गार असते की दगड पाण्यात ठेवला तर सकाळी बर्फात सापडायचा. कडक दगड काही सांगत नाही, असे तू लिहिलेस. पण तू आणि तैशोचे ते म्हातारे मास्तर दोघेही तोच वापरता, तेव्हा ते मी शिकेन.

सोबत चार हजारांची मनिऑर्डर करतो. उरलेले आणि टपालखर्च तू कळवशील तसे देईन.

मामी बऱ्या आहेत. "त्यालाच विचार, नीट जेवतोस का," म्हणाल्या. म्हणून विचारतो.

मित्सुओ


१० नोव्हेंबर

मित्सु,

दगड पाठवतोय. वर्तमानपत्रात सहा घड्या करून गुंडाळलाय, तरी फुटला तर पोस्टमनला धर, मला नको. टपाल ६४० झालं.

भिजवायचा नाही, पुन्हा सांगतो. उन्हातही ठेवू नकोस. नवा दगड दिसतो तेवढा सपाट नसतो. पेन्सिलनं वर चौकटी आख आणि दुसऱ्या सपाट दगडावर घास, सगळ्या रेघा जाईपर्यंत. बस्स. आता तुझा बाप व्हायचं माझं काम संपलं.

जेवतो. आईला सांग, जाडा झालोय.

कात्सुमी


२१ नोव्हेंबर १९८३, सोमवार
सकाळचे आठ

कात्सुमीदादास नमस्कार.

दगड सुखरूप पोचला. गुंडाळलेले वर्तमानपत्र मी इस्त्री करून ठेवले आहे आणि सगळे वाचले आहे, जाहिरातींसह. ओसाकात गुडघेदुखीची किती औषधे मिळतात.

चौकटी आखून दगड तीन वेळा सपाट केला. एकदा पुरेसे होते, पण रेघा एका कोपऱ्यात आधी गेल्या म्हणून मनाला लागून राहिले. मग दोन्ही वस्तरे हजार, पाच हजार असे वर आणून आठ हजारवर आपल्या घरच्या पद्धतीने शेवटचा हात दिला. दगड खरोखर काचेसारखा आहे. पण धार पाहून मी उठून उभा राहिलो. डोक्याचा केस हातात धरून धारेवर नुसता टेकवला, तर केस आवाज न करता तुटून पडला. मामांच्या दगडावर असे कधी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी हामागुची आजोबा आले. गाल ठीक झाले. गळ्यावर आलो तसे त्यांनी खुर्चीचा हात धरला.

"मित्सु, हा वस्तरा आहे की खवलं काढायची सुरी?"

"आजोबा, नवी धार आहे. लागतं का?"

"लागत नाही. चावतं."

गरम टॉवेल लावला, तर गळाभर लाल ठिपके. त्यांनी पैसे दिले आणि टोपी घालताना म्हणाले, "तुझ्या मामाकडे मी इथे झोपायचो. आज डोळे उघडे होते." त्यानंतर बर्फाच्या कारखान्यातले कुरातादेखील म्हणाले की अंघोळीला चुरचुरले. त्यांचा भाऊ तर आलाच नाही. तो बसथांब्याजवळच्या दुकानात गेला, जिथे पाते वापरून फेकून देतात. मी त्याला बाहेर पडताना पाहिले. त्यानेही मला पाहिले.

केस तुटतो आणि गळा जळतो, हे कसे? तुमच्याकडे असे होते का? लवकर लिही.

मित्सुओ


३० नोव्हेंबर

मित्सु,

नवा दगड आणि नवी सून, घरात रुळायला वेळ लागतोच. एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

मला वाटतं, कमी पडतंय. दगड कडक आहे, त्याला अजून काम करू दे. फेरे वाढव. खालच्या दगडाचे ओरखडे राहिले असतील, ते चावत असतील. आमच्याकडे काही त्रास नाही.

इकडे वर्षअखेरची धावपळ सुरू झाली. पत्र छोटं आहे, रागावू नकोस.

कात्सुमी


९ डिसेंबर १९८३, शुक्रवार
रात्रीचे आठ, दुकान बंद करून, टॉवेल वाळत घालून

कात्सुमीदादास नमस्कार.

तू सांगितल्याप्रमाणे फेरे वाढवले. जास्त बिघडले. घड्याळजीकडून भिंग आणून पाहिले तर धारेची कड जागोजागी तुटलेली आहे, जुन्या मिठाईच्या काठासारखी. मी पुन्हा हजारवरून सुरुवात केली, पुन्हा आठ हजारवर आलो, पुन्हा तेच. कुराताही आता येत नाहीत. हामागुची आजोबांची दहा दिवसांची वेळ परवा होती. ते दुकानावरून गेले. आत पाहिले नाही.

आता मुख्य गोष्ट लिहितो. काल जेवताना मामी म्हणाल्या, "मित्सु, विजेच्या सामानवाल्याचा पुतण्या आला होता. त्याला व्हिडिओ कॅसेटचं दुकान काढायचंय. जागा भाड्यानं मागतोय."

मी म्हणालो, "इथे?"

"इथेच. मी कानाझावाला बहिणीकडे राहीन म्हणते. तुझ्यावर राग नाही रे. पण माणसं येत नाहीत, आणि तू पहाटेपासून दगडावर वाकलेला असतोस. मला ते बघवत नाही."

मग त्यांनी ठरवून टाकले. वर्षाच्या शेवटच्या दहा दिवसांत सगळे गाव केस-दाढी करून नव्या वर्षाला तोंड दाखवते. त्या दहा दिवसांत नेहमीची माणसे आली नाहीत, तर ३१ तारखेनंतर दुकान बंद. माझी आई कोमात्सुला तिच्या दुसऱ्या घरी आहे, तिथे मी पाहुणा असतो. नववीनंतर मी या दुकानाशिवाय कुठे राहिलेलो नाही. यंत्राच्या कारखान्यात जागा आहे म्हणतात. ती असेलही.

दादा, आता मी जे करतो ते सगळे लिहितो. कुठे चुकते ते बघ. हजारवर धार बसेपर्यंत. पाच हजारवर चाळीस फेरे. आठ हजारवर, मामांनी शिकवल्याप्रमाणे, एकशे वीस फेरे, मनात मोजून. शेवटचे वीस फक्त पाण्यावर. तुझे पत्र आल्यानंतर दोनशे. मग चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस.

तू दर वेळी तेन्माचे कोण काय म्हणतात, तैशोचे कोण काय म्हणतात ते लिहितोस. ते नको. तू रोज बारा वस्तरे लावतोस. तुझा स्वतःचा हात त्या दगडावर काय करतो, तेवढे लिही. इतके वाईट वाटेल असे मी यापूर्वी तुला कधी लिहिले नाही.

मित्सुओ


१८ डिसेंबर, रविवार
तातडीच्या टपालाने

मित्सु,

पहिल्या ओळीत लिहितो. आठ हजारवर फक्त पंधरा फेरे. वस्तऱ्याच्या वजनावर, बोटाचा जोर अजिबात नाही. आधी हजारवर तुटलेली कड पूर्ण काढून टाक, मग पाच हजार, मग पंधरा. पट्ट्यावर साठ. हे आत्ताच जाऊन कर, बाकीचं नंतर वाच.

केलंस? आता बाकीचं.

हे मला ठाऊक नव्हतं. मी शेवटचा वस्तरा हातात धरला त्याला सहा वर्षं झाली. बारा वस्तऱ्यांचं बाबांना लिहिलं ते पहिली दोन वर्षं खरं होतं. मग मालकानं फेकायची पाती आणली, मग दुकान विकलं. मी टॉवेलच्या धुलाईची गाडी चालवतो. पहाटे चारला निघतो, त्रेसष्ट न्हाव्यांच्या दुकानांत स्वच्छ टॉवेल टाकतो, घाण टॉवेल उचलतो. बाबांना पुढच्या पत्रात खरं लिहीन म्हणता म्हणता त्यांची पुढची पत्रं यायची: 'बारा वस्तरे, जपून रे.' मग जमलंच नाही. फेब्रुवारीत बर्फामुळे उशीर झाला, हेही पूर्ण खरं नाही. गाडी होती. मी फलाटावर बसून राहिलो. बाबांच्या गिऱ्हाइकांसमोर कोणी विचारलं असतं, काय चाललंय, तर काय सांगणार होतो?

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला मजा वाटली. खरंच. सहा वर्षांत मला कोणी धंद्यातलं काही विचारलं नव्हतं. तुझे प्रश्न मी गाडीत घेऊन फिरायचो. तेन्माला टॉवेल टाकताना एक विचारायचो, त्सुरुहाशीला दुसरा. त्रेसष्टांत अजून दगडावर धार लावणारे तिघेच उरलेत. पण 'फेरे वाढव' हे कोणाला न विचारता माझ्याच डोक्यातून लिहिलं. त्या दिवशी गाडी बिघडली होती, उत्तर द्यायला उशीर झाला होता, आणि काहीतरी लिहायला हवं होतं. तुझी माणसं गेली ती त्या ओळीनं.

एकशे वीस वाचून मला काही वावगं वाटलं नाही. मीही तेच शिकलो ना. 'तुझा स्वतःचा हात काय करतो' हे वाचून मात्र रात्री जेवण गेलं नाही. काल तैशोला किशिदा म्हाताऱ्याच्या दुकानी तुझं पत्रच पुढं केलं. तो एकाची दाढी करत होता. मलाच म्हणाला, वाच मोठ्यानं. एकशे वीसला आलो तर त्यानं वस्तरा वर उचलला.

"एकशे वीस? हा पोरगा धार लावतोय की मुळा किसतोय?"

खुर्चीतलं गिऱ्हाईकही हसलं. मग म्हातारा म्हणाला, "डोंगराचा दगड म्हणजे दात पडलेली म्हैस. तासभर चघळेल तेव्हा घासभर खाईल. त्याला एकशे वीस हवेतच. हा कारखान्याचा दगड तरणा आहे. पंधरा फेऱ्यांत त्याचं काम होतं. मग तू थांबला नाहीस तर तो धारच खायला लागतो. आधी कड कागदासारखी पातळ होते, तेव्हा केस छान तुटतो. मग ती गळ्यावर मोडते."

मी म्हणालो, समजलं.

"एकशे वीस कोणी शिकवले त्याला?"

"माझ्या बाबांनी. मलाही."

"म्हणजे तू न्हावी आहेस?"

मी म्हणालो, होतो. चार वर्षं मी त्याच्या दारात टॉवेल टाकतोय. माझं नाव त्यानं काल विचारलं.

आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी ठरवलं तर पुन्हा सहा वर्षं जातील.

कात्सुमी


२ जानेवारी १९८४, सोमवार
सकाळचे सात वाजून पाच मिनिटे. चुलीवर मोचीच्या तांदळाच्या वड्या भाजायला ठेवल्या आहेत

कात्सुमीदादास नव्या वर्षाचा नमस्कार.

तुझे पत्र २० तारखेला सकाळी दहाला मिळाले. तू सांगितल्याप्रमाणे पहिला भाग वाचून उठलो. हजारवर कड काढायला दीड तास गेला. मग आठ हजार. दादा, पंधरा फेरे फार थोडे असतात. हात बसायच्या आत संपले. सोळावा फेरा घालायचा नाही, म्हणून मी दगड उचलून फळीवर ठेवला आणि हात मागे बांधले. मग येऊन तुझ्या पत्राचा दुसरा भाग वाचला. दुसरा वस्तरा लावायला त्यानंतर बराच वेळ लागला.

केस लावून पाहिला, तर तो पूर्वीसारखा झटकन तुटला नाही. मग स्वतःची दाढी केली. काही जळले नाही, पण स्वतःच्या चेहऱ्यावरून काय कळणार? आपला हात कुठे जाणार हे आपल्या कातडीला आधीच ठाऊक असते. दुसरा चेहरा हवा होता. हामागुची आजोबांच्या घरी गेलो आणि फुकट करतो म्हणालो. ते दारातूनच म्हणाले, "माझा गळा काय शाळेची पाटी आहे?"

परत आलो तो मामी दुकानात उभ्या होत्या. त्यांनी दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली, अंगातला एप्रन काढला आणि खुर्चीत बसल्या. मामा असताना दर दोन महिन्यांनी ते मामींच्या चेहऱ्यावरची आणि मानेवरची लव वस्तऱ्याने काढून देत, सुट्टीच्या दिवशी, पडदा ओढून. ते गेल्यापासून मामींनी चेहऱ्याला वस्तरा लावू दिला नव्हता. बसथांब्याजवळच्या दुकानातली बाई स्वतःहून विचारायला आली होती, तरी.

"मामी, तुम्हाला लागलं तर?"

"लागलं तर पुतण्याला उद्याच किल्ली देते. खुर्ची पाड."

मी खुर्ची मागे पाडली. कपाळ, मग गाल. त्यांनी डोळे मिटले होते. ओठाच्या वर आलो तेव्हा त्यांनी विचारले, "पंधरा कुणी सांगितले? भिंतीआडून मोजताना ऐकलं मी. तू मनात मोजत नाहीस, पुटपुटतोस."

"दादाने. विचारून सांगितले."

"कुणाला विचारून?"

मला खोटे बोलता आले नाही. वस्तरा हातात होता. म्हणालो, "किशिदा नावाच्या एका मास्तरांना."

त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "म्हणजे त्याला स्वतःला माहीत नव्हतं."

मी वस्तरा थांबवला. त्या म्हणाल्या, "चालू दे. मान राहिलीय."

मान करता करता मी सगळे सांगितले. गाडीचे, त्रेसष्ट दुकानांचे, फलाटाचेही. फलाटाचे सांगावे की नाही याचा मी आदल्या सगळ्या वेळात विचार केला होता, आणि तरी सांगून टाकले. तुला राग आला तर लिही. गरम टॉवेल चेहऱ्यावर टाकल्यावर त्यांनी तो बराच वेळ काढू दिला नाही. गार झाला तरी. मग उठून आरशात मान वळवून पाहिली. एकही ठिपका नव्हता.

"पहाटे चारला उठतो म्हणे," त्या म्हणाल्या. "इथे असताना आठला लाथ घालावी लागायची."

एवढेच. रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात गेल्या. तिथे हामागुची आजोबा त्यांना म्हणाले, "तोमिए, तोंड फार चकाकतंय. या वयात कुणासाठी?" मामी म्हणाल्या, "वर्षासाठी. तुझं तोंड वर्षाला दाखवण्यासारखं नाही, मित्सुकडे जा." ते २९ तारखेला आले. गळ्यावर आलो तेव्हा मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. त्यांनी खुर्ची धरली नाही. झोपले नाहीत, पण एकदा घोरल्यासारखा आवाज काढला. तो खोटा होता, माझ्यासाठी काढला होता, असे मला वाटते.

दहा दिवसांत एकतीस माणसे आली. गेल्या वर्षी याच दिवसांत चौऱ्याहत्तर होती. कुराता आले, त्यांचा भाऊ आला नाही. ३१ तारखेला अर्ध्याहून कमी आकडा मी मामींसमोर ठेवला. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. पुतण्या समोरच बसला होता. त्याला म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये, पितरांचा सण झाल्यावर ये. तेव्हा पुन्हा विचार." तो गेल्यावर मला म्हणाल्या, "मी हो म्हणाले नाही हं. नाही म्हणाले नाही, इतकंच."

त्या काल सकाळी तीन दिवसांसाठी कानाझावाला बहिणीकडे गेल्या. बर्फ गुडघाभर आहे. समुद्राकडून ढगांचा गडगडाट होतो. 'बुरी' नावाचे मासे त्याने जागे होतात असे मामा म्हणत. काल दिवसभर दुकानात कोणी आले नाही, कारण ते बंद आहे. तरी मी दोन वेळा खुर्च्या पुसल्या.

तू लिहिलेस की माझी माणसे तुझ्या ओळीने गेली. त्याआधीच जळत होते, ते माझ्या एकशे वीसनी. आणि तुझ्या पहिल्याच पत्रात तेन्मा, त्सुरुहाशी आणि तैशो अशी तीन वेगवेगळी ठिकाणे होती. मी ती सगळी एकाच दुकानात बसवली, कारण मला तसे दुकान हवे होते. पुढच्या वेळी किशिदा मास्तरांना विचार: थंडीत पाणी बर्फासारखे असताना पंधराच का, की एखाद-दोन कमी? त्यांच्यासाठी वेगळ्या पुडक्यात सुकवलेले माकूळ पाठवले आहे. ते हिशोबात नाही.

मामींनी निरोप दिला आहे तो जसाच्या तसा लिहितो: "ऑगस्टमध्ये बर्फ नसतो, गाडी चालू असते."

हिशोब:
दगड ७,२०० येन.
टपाल ६४०.
एकूण ७,८४०.
नोव्हेंबरात पाठवले ४,०००.
या पत्रासोबत ५००.
बाकी ३,३४०.

वर्षअखेरच्या गल्ल्यातून सगळे आजच देता आले असते. पण दर महिन्याला पत्रासोबत पाचशे, आणि शेवटी तीनशे चाळीस, असे देईन. म्हणजे सात पत्रे, ऑगस्टपर्यंत. प्रत्येकाची पोच पाठवत जा.

मित्सुओ